उताराला बंद गाडी

वडिलांच्या डाव्या हाताची बोटं बधिर होत चालली आहेत, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. ते गाडीमुळे कळलं. फाटकाशी त्यांच्या हातातून क्लच सुटला, मोटरसायकलने उडी घेतली आणि ती कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्यावर आदळली. वडिलांच्या कपाळाला तीन टाके पडले. मधुमेहाने नसा निकामी होत आहेत, दुचाकी चालवणं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आठव्या दिवशी सकाळी गाडी जागेवर नव्हती आणि वडीलही नव्हते.

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय एकाहत्तर. घरात आम्ही दोघंच. घर वारे गावाच्या वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, आणि आमची आंब्याची थोडी कलमं खाली खाडीकाठी. मध्ये वळणावळणांचा उतार, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला समुद्र. कलमांकडे एक फेरी मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

या उताराची त्यांची एक पद्धत होती. वरचं पहिलं वळण आलं की ते गाडी न्यूट्रल करत आणि इंजिन बंद करत. किल्ली हँडलवर नव्हती. जुन्या घडणीची गाडी, किल्ली सीटच्या खाली डाव्या बाजूला. न बघता डावा हात खाली जाई आणि आवाज थांबे. मग खाडीपर्यंत फक्त ब्रेकवर. आमच्या भागात त्यांच्या वयाचे बरेच जण असेच उतरतात. "रस्ता फुकट नेतोय, तर पेट्रोल कशाला जाळायचं?" असं ते म्हणत.

त्या दिवशी ते परतल्यावर मी किल्ली मागितली.

"घेऊन काय करणार? लोणचं घालणार?" ते म्हणाले. "तुला येत नाही म्हणून मला चालवावी लागते. शीक. मला मागे बसव आणि हा उतार उतरून दाखव. दाखवलास तर किल्ली तुझी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी आहेच की."

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि रत्नागिरीतल्या एका दैनिकात उपसंपादक. गावोगावच्या वार्ताहरांकडून आलेले अपघात एका कॉलमात बसवणं हे माझं अनेक वर्षांचं काम. हातखंब्याजवळ, घाटात, ओढ्यावरच्या साकवावर. मजकूर बदलत असे, एक वाक्य बदलत नसे: दुचाकीवरील ताबा सुटल्याने. ते वाक्य मी किती वेळा लावलं याची मोजदाद नाही. ताबा म्हणजे नेमकं काय आणि तो कोणत्या हातातून सुटतो, हे मी एकाही वार्ताहराला विचारलं नव्हतं. आता वडिलांचं नाव त्या वाक्याच्या पुढे येऊ शकत होतं. न शिकले तर त्यांच्या हातून आणि शिकले तर माझ्या.

शिकाऊ परवाना काढला. रविवारी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रिकामे असतात, तिथे शिकवणी सुरू झाली. माझा एक सहकारी गाडी तिथवर आणून देई, आम्ही रिक्षाने जात असू. वडील शाळेत घेत तसे तोंडी घेत.

"आधी काय?"

"स्टँड वर."

"मग?"

"न्यूट्रल बघायचा. पेट्रोलचा कॉक. किल्ली. किक."

"किक मारताना गुडघा ताठ ठेवू नको, परत मारेल. मग?"

"क्लच पूर्ण दाबायचा. पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडायचा."

"हळूहळू म्हणजे किती?"

याचं उत्तर तोंडी देता येत नव्हतं. क्लच सुटताना अर्ध्यावर कुठेतरी गाडी किंचित खाली बसते आणि ओढ घेते. ती जागा बोटांना कळावी लागते. मला ती सापडत नव्हती. गाडी गचका देऊन बंद पडे. वडिलांनी दाखवण्यासाठी आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला, आणि मग मान वाकवून त्याच्याकडे पाहिलं. आपली मूठ मिटली आहे की उघडी, हे त्यांना पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. असाच हात घेऊन ते रोज उतार उतरत होते.

समोरच्या बंद कारखान्याचा रखवालदार फाटकात खुर्ची टाकून हे सगळं बघे.

"गुरुजी, अकरा वेळा बंद पडली," तो ओरडला. "आता तिला तरी सुट्टी द्या!"

"तू तुझा दरवाजा सांभाळ रे. आत काही नाही, तरी पगार घेतोस!"

"आत काही नाही म्हणून तर तुमची करमणूक बघतो. बाई, बोटं ढिली सोडा. घाबरलात की सगळी मूठ आवळता."

त्याचं बरोबर होतं. भीती वाटली की मी क्लच आवळत असे. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. उतारावर क्लच आवळला की इंजिनाची पकड जाते आणि गाडी मोकळी धावते, हे मला माहीत होतं. माहीत असण्याचा बोटांवर काही परिणाम होत नव्हता. वडिलांना मी निक्षून सांगितलं होतं, मी इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्येच उतरणार.

"उतर. जळू दे पेट्रोल," ते म्हणाले.

पुढे ती जागा बोटांना सापडू लागली, पक्का परवाना मिळाला. परीक्षा सपाट मैदानावर झाली होती. पुढच्या रविवारी सकाळी, दोघांच्या डोक्याला हेल्मेट, मी त्यांना मागे बसवलं आणि सड्यावरून निघाले. वरच्या वळणाआधी वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गुरगुरत गाडीला मागे धरून होतं. ब्रेक दोन्ही, थोडा थोडा, मी स्वतःशी म्हणत होते.

वळण संपलं आणि आवाज थांबला.

गाडीला गचका बसला. माझी डावी मूठ आवळली गेली. त्याच क्षणी गाडी सुटली. कानात फक्त वारा. पुढच्या वळणावर पर्यटकांची एक कार फोटोसाठी उभी होती, तिच्या अलीकडे दरडीची लाल खडी रस्त्यावर पसरलेली. ब्रेक दाबला, तर मागचं चाक खडीवर आडवं सरकलं. उजवीकडे कठडा नव्हता.

"क्लच सोड!" वडील कानाशी ओरडले. "बाय, क्लच सोड गो!"

घट्ट धरलेली एकच गोष्ट तेव्हा माझ्याकडे होती, आणि तीच सोडायची होती. एकेक बोट उघडलं. अर्ध्यावर ती जागा आली. गाडी खाली बसली, बंद इंजिनाने चाक ओढून धरलं. कारच्या मागे हातभर अंतरावर आम्ही थांबलो. आतली माणसं समुद्राचे फोटो काढत होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"बंद कशी पडली?" वडिलांनी विचारलं. "पेट्रोल तर कालच भरलंय."

मी खाली पाहिलं. त्यांचा डावा हात सीटखाली होता. बोटं किल्लीवर होती आणि किल्ली फिरवलेली होती.

त्यांनी माझ्या नजरेमागे मान वळवली. हाताकडे बराच वेळ पाहिलं. आपण किल्लीला हात लावला, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं.

"मी केली?"

ते उतरले, किल्ली काढायला गेले. दोनदा बोटांतून निसटली.

"तूच काढ," ते म्हणाले. "तुझ्याकडेच ठेव."

"अजून अर्धा उतार राहिलाय, बाबा. बसा."

ते बसले. मग शाळेतल्या आवाजात नव्हे, हळू विचारलं, "मी हात कुठे ठेवू?"

"माझ्या खांद्यांवर. दोन्ही."

न्यूट्रल, किल्ली, किक. क्लच, पहिला, मग दुसरा. खाडीपर्यंत मी क्लचला बोट लावलं नाही. डाव्या खांद्यावरचा हात फार घट्ट होता. किती आवळतोय हे त्यांना कळत नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर तिथे चार बोटांचे लाल वळ होते.

त्यांनी त्यानंतर गाडी चालवली नाही. आम्ही रोज सकाळी जातो. उतार लागला की मी आधी डाव्या खांद्यावर वजन आहे का ते बघते, आणि मगच वळण घेते.