पहिल्या बाकावर अनवाणी

चर्चच्या दारात मी खाली बसलो आणि मार्थाचे बूट काढले. मग मोजे. तिचे गुडघे गेलेले, तिला वाकता येत नव्हतं. म्हणून दर रविवारी बायकोचे बूट काढायचं काम माझं. नगरकडच्या आमच्या गावात चर्चमध्ये पायताण घालून कुणी जात नाही. आयर्लंडला मुलीकडं राहायला आलो तरी आम्ही ते सोडलं नव्हतं.

"नखं बघा," ती म्हणाली. "माणसाची हायेत का घारीची? घरी गेल्यावर कापा."

"कापतो," म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम.

त्या दिवशी थंडी लई. हिटर पहिल्या बाकाजवळ असतो. मार्था म्हणाली, आज पुढं बसू. बसलो. बाकाच्या टोकाला पितळेची पट्टी होती, तिच्यावर कुणाचं तरी आडनाव. मला वाटलं, कुण्या मेलेल्या माणसाची आठवण असेल.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायच्या आधी एक बाई आली. इथल्या गावाभोवतीची निम्मी शेती या बाईच्या घराण्याची. तिनं आधी मार्थाच्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज चढवला नाही. हसतच बोलली.

"हा आमच्या घरचा बाक आहे. मागे पुष्कळ जागा आहे तुम्हाला." आणि वर, "तिला पायात काहीतरी घालायला सांगा. हे चर्च आहे."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जन्मभर मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होतो, एवढं इंग्रजी कळतं. शब्दन् शब्द कळला. चर्च आहे म्हणून तर पायताण काढलं होतं.

मी काय केलं? हात जोडले. सॉरी म्हणालो. म्हातारीला दंडाला धरून उठवलं आणि सगळ्यांदेखत मागं नेलं. लोक छताकडं बघत होते.

हात आपोआप जुळले. असलं रक्तात असतं म्हणतात. रक्तात काही नसतं. मारून मारून बसवलेलं असतं. माझा आजा महारवाड्यातला. देवळाच्या पायरीला हात लागला म्हणून त्याला चाबकानं फोडला होता. त्यानंतर तो येशूकडं गेला. तिथं सगळे एका सतरंजीवर बसतात, एवढंच ऐकून गेला. स्वर्ग-बिर्ग त्याला ठाऊक नव्हता. त्याला बसायला जागा पाहिजे होती.

मुलगी मलिंगारच्या दवाखान्यात नर्स आहे. गाडी चालवता चालवता म्हणाली, "पप्पा, सोडा ना. इकडं तसलं काही नसतं. लोक ग्रँड आहेत."

मार्था खिडकीबाहेर बघत होती. "लोक असतील चांगले," म्हणाली. "तुम्ही हात का जोडले?"

मी हात खिशात घातले.

"एवढा समुद्र वलांडून पुन्हा मागंच बसायचं व्हतं, तर गाव काय वाईट व्हतं?"

घरी आल्यावर ती आडवी झाली. उठल्यावर कापू म्हणून मी नखं राहू दिली. दुपारनंतर तिची छाती भरून आली. मुलीनं तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवसाचा उजेड तिनं पाहिला नाही.

मयताची तयारी करणारा माणूस आला. भला होता. मी त्याला तिची साडी दिली. तो म्हणाला, "बूट?"

"नको. ती चर्चला चाललीय."

त्याला उमगलं नाही. मुलगी समजावून सांगायला पुढं झाली, तिला मी थांबवलं. नेलकटर मागितलं आणि मार्थाची नखं कापली. गार पाय. एकेक बोट धरून कापली.

इकडची चाल अशी की मयताच्या घरच्यांनी पहिल्या बाकावर बसायचं आणि गावानं ओळीनं येऊन हात मिळवायचा. फादरनी मला धरून नेलं आणि बसवलं. त्याच पितळी पट्टीच्या बाकावर. सगळं गाव आलं. ती बाईपण आली. माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या दुःखाचं वाईट वाटतं," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं. हॉलमध्ये लोकांसाठी सँडविचंसुद्धा तिनंच आणली होती.

मार्था जिती होती तोवर हा बाक तिचा नव्हता. पेटीत निजून आली तेव्हा झाला. तोही एका दिवसापुरता.

माती दिल्यावर मी कब्रस्तानाच्या बुटक्या भिंतीला टेकून उभा होतो. टॉम आला. चर्चचं दार उघडणारा, घंटा वाजवणारा म्हातारा, माझ्याच वयाचा. मी अनवाणीच होतो. त्यानं ते पाहिलं.

"ही भिंत कशाची, ठाऊक आहे?"

"नाही."

"बूट घालायची."

मग त्यानं सांगितलं. इथं इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा यांच्या मिस्सेलाच बंदी. माळावरच्या एका दगडावर लपूनछपून करायचे. राज्य जरा सैल झालं तेव्हा गरिबांनी दगड वाहून हे चर्च बांधलं. बांधून झालं आणि पुढचे बाक पैसेवाल्यांनी धरले. दगड वाहणारे मागं, मातीच्या जमिनीवर उभे. लांबून अनवाणी चालत यायचे. बूट असलेच तर झिजू नयेत म्हणून हातात. या भिंतीवर बसून पायात घालायचे आणि मग आत.

"तिची आजीपण," टॉम म्हणाला आणि त्या बाईच्या गाडीकडं हनुवटी केली. "शेती नंतर आली. बाकही नंतरच."

"मग तिला पायांची एवढी लाज का?"

"म्हणूनच," टॉम म्हणाला. टोपी घातली आणि गेला.

मी त्या भिंतीवर बसून राहिलो. मार खाल्लेल्याला बाक मिळाला की तो दुसऱ्याला उठवतो. आमच्या मिशनमध्येही पाहिलंय. आधी ख्रिस्ती झालेले मागून आलेल्या मांगवाड्यातल्या लोकांना सतरंजीच्या कडेला बसवायचे. देव कुणाला उठवत नाही. माणूस उठवतो. आणि आपण उठतो, म्हणून उठवतो. मार्थाला हे टॉमच्या आधी कळलं होतं. मला तिला पुरल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा होती. मुलगी म्हणाली, "पप्पा, आज आराम करा." मी चालत गेलो. दारात बसून बूट काढले. मोजे काढले. या वेळी फक्त माझेच. लादी बर्फासारखी. पुढं गेलो आणि पहिल्या बाकावर बसलो.

बाई आली. थांबली. आधी पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काल गोष्ट वेगळी होती," ती हळू म्हणाली. "आज..."

माझे हात मांडीवर होते. तिथंच ठेवले.

"आजही इथंच बसणार," मी म्हणालो. "उद्याही. शेजारी जागा आहे. बसायचं तर बसा."

ती उभीच राहिली. टॉमनं घंटा वाजवली. फादर आले. सगळे उठले तेव्हा मी उठलो. सगळे बसले तेव्हा बसलो. त्याच जागी.