उलटी पट्टी आणि चौतीस वर्षांची दाढी

कवळीबाईंनी तीस वर्षं लोकांचे दात बनवले. बाहेर पाटी दाताच्या डॉक्टरांची आणि मागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर आणि पॉलिशच्या चाकापुढे बाई. त्यांनी बनवलेल्या कवळ्या घालून लोकांनी शेंगदाणे फोडले, भांडणं केली, एकाने तर दुसरं लग्नही केलं. आभार मात्र सगळ्यांनी डॉक्टरांचे मानले. निवृत्त झाल्यावर बाईंनी पंधरा दिवस नुसती झोप काढली आणि सोळाव्या दिवशी त्यांचे हात शिवशिवायला लागले.

त्याच आठवड्यात जुन्या बाजारात, खिळे-बिजागऱ्यांच्या ढिगात, त्यांना एक दाढीचं मशीन सापडलं. जुन्या घाटाचं, सुटं होणारं. खाली दांडा, वर फुगीर झाकण, मधे दातेरी पट्टी, आणि पट्टी-झाकणाच्या मधे ब्लेड. आता दाते म्हटल्यावर बाईंना राहवतंय थोडंच! घरी आणून त्यांनी ते व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी बघतात तर मळ गेला होता, आणि मळाबरोबर सोनेरी मुलामाही गेला होता. बाई अर्धा तास स्वतःवरच चिडल्या. मग पुन्हा बाजारात गेल्या.

दोन वर्षांत त्या इतक्या तरबेज झाल्या की भंगारवाल्याच्या डब्यात न बघता हात घालायच्या आणि नुसत्या वजनावरून पितळ ओळखायच्या. "नवऱ्यासाठी का?" असं भंगारवाला विचारायचा. "नवऱ्याला वीतभर दाढी आहे," असं बाई सांगायच्या, आणि तो पुढचं विचारायचं सोडून द्यायचा.

घरी आणलं की कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, मग बारीक पावडर आणि चाक. पण त्याआधी एक नेम होता, कवळ्यांच्या दिवसांपासूनचा. वस्तू उघडायच्या आधी ती जशी आली तशी पेन्सिलीने पातळ कागदावर काढायची. दुरुस्तीला आलेली कवळी आधी कशी होती हे ठाऊक नसेल, तर पुढे जे बिघडेल ते सगळं आपल्या माथी, असं त्यांचं म्हणणं.

राहता राहिला प्रश्न चाचणीचा. तो खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांनी सोडवला. त्यांनी आपले दोन्ही गाल विज्ञानाला अर्पण केले होते. डाव्या गालाला एक मशीन, उजव्याला दुसरं. शिंपीदादांचा एक गाल तुळतुळीत आणि दुसरा लालबुंद दिसला की गल्लीला कळायचं, बाईंचं काम जोरात आहे.

घरात पुरुष असताना शिंप्याचे गाल कशाला, असं कुणीही विचारेल. तर त्याची कहाणी अशी.

बाईंचे यजमान म्हणजे मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. बाईंचे वडील वजनमापांचे निरीक्षक. अख्खा बाजार त्यांना चळाचळा कापायचा. दुसऱ्याच्या तराजूतली गुंजभर चूक त्यांना दारातून दिसायची. लग्नात त्यांनी जावयाला एक दाढीचं मशीन दिलं, निकेलचा मुलामा असलेलं, मखमलीच्या डबीतलं, दुकानातलं सगळ्यात महाग. स्वतः ते जन्मभर सलूनमध्ये दाढी करत आले होते, पण जावयाला द्यायचं तर उत्तमच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मोठ्या हौसेने ते वापरलं आणि चहाला आले ते तोंडावर कागदाचे सात कपटे चिकटवून. सगळे पाहुणे बसलेले. मास्तर एवढंच पुटपुटले, की मशीन जरा बोचतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" सासरे गडगडाटी हसले. "मशीनला कशाला नावं ठेवता, जावईबापू? हातच वाकडे!"

पाहुणे हसले. वाईट याचं, की नवी नवरीही हसली. मास्तरांनी त्या दिवसापासून दाढी वाढवली आणि सासऱ्यांशी बोलणं बंद केलं. येणं-जाणं थांबलं नाही, नमस्कार चुकला नाही, फक्त थेट शब्द नाही. "तुझ्या बाबांना विचार, साखर किती." बाबा हाताच्या अंतरावर बसलेले. तेही कमी नव्हते. "तुझ्या नवऱ्याला सांग, अर्धा चमचा." चौतीस वर्षं मधे उभं राहून बाईंची टेलिफोनची तार झाली होती.

आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी दुसरं कुणी नाही. बाईंनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि तीन मजले चढवून छोट्या खोलीत बसवलं.

पाच दिवस बरे गेले. मग बाबांची दाढी वाढली. तीन मजले रोज उतरणं शक्य नव्हतं, आणि सलूनवाल्याचे गुडघे वर यायला तयार नव्हते. बाई म्हणाल्या, मी करते. बाबा म्हणाले, "तू प्लॅस्टरच्या जबड्यांवर काम केलंयस. मी अजून जिवंत आहे." दहाव्या दिवशी त्यांनी खोलीतला आरसा भिंतीकडे वळवून ठेवला आणि जेवायला बाहेर येणं बंद केलं.

"मला माझ्या घरी सोड," ते म्हणाले. "इथे एकजण माझ्याशी बोलत नाही आणि आरशात एक भिकारी बसलाय. रविवारी मी निघणार."

बाईंनी मनात हिशोब मांडला. त्या रिकाम्या घरात, तेच न्हाणीघर, आणि एकच हात. रविवारला चार दिवस होते.

बाबांचे कपडे ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी माळ्यावरची मास्तरांची ट्रंक उपसली. नकाशांच्या गुंडाळ्यांखाली मखमलीची डबी निघाली. हे मशीन आपण नदीत फेकलं, असं मास्तर चौतीस वर्षं सांगत आले होते.

बाई कामाच्या टेबलाशी बसल्या. मशीनवर साबणाचं तपकिरी पूट दगडासारखं जमलेलं. त्या सकाळनंतर कुणी ते धुतलंही नव्हतं, उघडणं तर दूरच. नेमाप्रमाणे त्यांनी पातळ कागद घेतला आणि जसं आहे तसं काढायला लागल्या. झाकण, ब्लेड, पट्टी... पेन्सिल थांबली. त्यांनी भिंग घेतलं. पट्टी उलटी होती. जी बाजू ब्लेडला टेकायची ती दांड्याकडे, आणि दांड्याकडची ब्लेडला. अशा मशीनने दाढी करणं म्हणजे गालावरून किसणी फिरवणं.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "हे तुम्ही उघडलं होतं?"

डबी बघून मास्तर आधी ओशाळले, मग म्हणाले, "मी कशाला उघडू? आयतं ब्लेड घालून दिलेलं होतं. आहे तसं वापरलं."

बाईंनी चित्र दाखवलं, समजावून सांगितलं. मास्तरांना कळायला दोन मिनिटं लागली आणि मग ते खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे अंगण वाकडंच होतं! वजनमापांचे साहेब! दे तो कागद."

"नका हो," बाई म्हणाल्या. "ते आधीच निघायच्या गोष्टी करतायत. म्हाताऱ्या माणसाला आता तोंडघशी पाडून काय मिळणार?"

"मला सात कपटे मिळाले होते," मास्तर म्हणाले. "आणि तू हसली होतीस."

बाईंनी मशीन उघडलं, उकळत्या पाण्याने पूट काढलं, चकचकीत केलं, पट्टी सरळ बसवली, नवं ब्लेड घातलं. दुपारी शिंपीदादांनी दोन्ही गालांवर फिरवून बघितलं आणि म्हणाले, बाई, हे परत मागू नका. बाईंनी ते हिसकावून आणलं.

सकाळी बघतात तर टेबलावर मशीन नाही आणि कागदही नाही. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. मास्तर गरम पाण्याची वाटी, साबण आणि टॉवेल घेऊन आत उभे, सदऱ्याच्या खिशातून कागदाची घडी डोकावतेय. बाबा खुर्चीत ताठ. स्वतःच्या दाढीची गळ्याखालची कड मास्तर रोज प्लॅस्टिकच्या रेझरने सफाईने कोरायचे, त्यामुळे हाताची भीती नव्हती. बाईंना भीती खिशाची होती.

"तुझ्या बाबांना सांग," मास्तर सवयीने म्हणाले, "मान जरा वर करा म्हणावं."

नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि बाई धावल्या. गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि तिथेच कान देऊन उभ्या राहिल्या. परत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्यामार्फत दाढी करता येते का, बघू दे एकदा.

आत पाण्याची वाटी वाजली. मग मास्तरांचा आवाज आला.

"मान वर करा."

आणि थोड्या वेळाने, "गाल फुगवा. हं. आता हा."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"अजिबात बोचत नाहीये," बाबांचा आवाज आला. "हे तेच ना?"

"तेच."

"पट्टी सरळ केलीत वाटतं."

मग "आई गं!" असं बाबा ओरडले आणि बाई पळत दाराशी आल्या. बाबांच्या हनुवटीवर रक्ताचा एक थेंब होता आणि मास्तरांचा हात हवेत थांबलेला.

"तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"लग्नाच्या आदल्या रात्री मीच उघडून पाहिलं होतं," बाबा साबणातून म्हणाले. "एवढं महाग मशीन, आतून कसं असतं बघू म्हटलं. बसवताना चुकलो. वर्षभराने दुकानात तसलंच दुसरं पाहिलं तेव्हा कळलं. घरी येऊन सांगणार होतो. पण तोवर तुमची दाढी वाढली होती, जावईबापू. ती रोज वाढत गेली आणि माझी जीभ रोज जड होत गेली. जन्मभर लोकांचे तराजू तपासले मी. अंगण माझंच वाकडं होतं."

मास्तरांनी खिशात हात घातला. त्यांनी कागदाची घडी उलगडली, बाईंनी काढलेल्या चित्राकडे एकदा पाहिलं, त्याचा कोपरा फाडला, जिभेवर ओला केला आणि सासऱ्यांच्या हनुवटीवर अलगद चिकटवला.

"आता चूक मशीनची की हाताची?" बाबांनी विचारलं.

"हाताची," मास्तर म्हणाले. "मशीन सरळ आहे. हलू नका, अजून सहा कपट्यांचा कागद आहे माझ्याकडे."

बाबा हसायला लागले, तोंडावर साबण असताना हसू नये तसे. मास्तरही हसले. दारात उभ्या असलेल्या बाईंना आज हसताना चोरटं वाटलं नाही.

दाढी झाल्यावर बाबांनी आरसा सरळ करायला सांगितला आणि डाव्या हाताने गाल चाचपले. हनुवटीवरच्या कपट्यावर पेन्सिलीने काढलेल्या पट्टीचे तीन दाते दिसत होते.

"रविवारची गाडी सांगू का?" बाईंनी विचारलं.

बाबांनी उत्तर बाईंना दिलं नाही. त्यांनी जावयाकडे बघितलं. "परवा परत वाढेल," ते म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे का?"