त्या तिघींना वगळणार नाही

शाळेचे गणवेश शिवून दोन मुलं मार्गी लावल्यावर, त्रेचाळिसाव्या वर्षी तिने मानसशास्त्राच्या पदवीसाठी नाव घातलं. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. संख्याशास्त्राने नाकी नऊ आणले. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते, डोक्यात शिरलं ते एकाच मापाचे तीस सदरे टेपने मोजून बघितल्यावर.

शेवटच्या वर्षी प्रकल्पाला तिने हट्टाने आपलाच विषय घेतला. आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्यात शिवणकाम करणाऱ्या बायका कारकून बायकांपेक्षा सरस असतात का? असणारच! बाही उलटीसुलटी मनात मांडूनच तर कापड कापतो आपण. वीस शिवणाऱ्या, वीस कारकून, प्रत्येकीला चोवीस आकृत्या.

आकडे मांडले आणि तिचं तोंड उतरलं. शिवणाऱ्या जराशा पुढे होत्या, पण एवढा फरक योगायोगानेही पडतो, असं गणित सांगत होतं.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांनी यादीवर पेन्सिल टेकवली. "या तीन शिवणाऱ्या फारच चुकल्यात. काढून टाका, निकाल येईल."

त्यांतली एक तिची थोरली जाऊ होती. तिनेच हिला मशीनवर बसायला शिकवलं होतं.

"कारण काय लिहू, सर?"

"लिहा, लक्ष नव्हतं."

"होतं की! जाऊबाईंनी तर दोनदा चष्मा पुसला. चुकल्या म्हणून काढायचं, तर चुकलेल्या कारकूनही काढू?"

"काकू, गुण हवेत ना?"

"हवेत. पण त्या तिघी यादीतून जाणार नाहीत."

सर हात झटकून उठले. तिने अहवालात स्वच्छ लिहिलं : अपेक्षित फरक आढळला नाही. खाली चाळीसही जणींचे आकडे जोडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "गृहीतक फसलं. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना! आम्ही शिवणाऱ्या हुशार म्हणून मिरवायचं होतं मला. पण खोट्या आकड्यांवर मिरवायला आम्ही काय कमी आहोत?"

बाईंनी पान उलटून गुण मांडले.

पन्नासपैकी एकोणतीस गुण पडले, वर्गात जवळजवळ तळाला. सर म्हणाले, "सांगितलं होतं." तिने गुणपत्रिका घडी करून पर्समध्ये टाकली आणि तशीच समोरच्या खिडकीवर जाऊन एम.ए.चा अर्ज मागितला. प्रकल्पाचा विषय तोच. या खेपेला दोनशे जणी.