पडलेल्याच्या घरी चेवडा

महापालिकेच्या निकालाचा दुसरा दिवस, सकाळ. खर्च : अर्धा किलो लीलो चेवडो, म्हणजे आपला बडोद्याचा ओला चिवडा. हजर : निवडणुकीत पडलेले जयेशभाई, सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका आणि पिशवी धरायला मी.

सगळा गाव गुलाल घेऊन जिंकलेल्याच्या दारात जाई, काका पडलेल्याच्या. तिथे "आवो" म्हणायलाही कोणी नसे. काका आपणच खुर्ची ओढून बसत. "खाओ भाई. मत गया, भूख थोडी गई छे?"

त्या दिवशी परतताना मी चिडलो. गल्लीतली गटार तुंबली की पहिलं पाणी माझ्या स्वयंपाकघरात यायचं.

"काका, गटार जिंकलेला दुरुस्त करणार. ह्याला चारून काय मिळणार?"

"जिंकलेल्याला आज कोणाचं तोंड आठवतंय? ह्याला आठवेल. आणि हा किती दिवस पडून राहतो, तेही बघ."

पुढच्या निवडणुकीआधी जयेशभाई सत्तेतल्या पक्षात गेले आणि निवडूनही आले. दुसऱ्या दिवशी काका त्यांनी पाडलेल्या उमेदवाराच्या घरी बसलेले, तोच जयेशभाईंचा फोन आला. "काका, मने भूली गया?"

"साहेब, तुमच्याकडे आज पेढे आहेत!"

महिन्याभरात नवी पाइपलाइन पडली. माझी फरशी कोरडी राहिली. मी मनात काकांना पक्का गुंतवणूकदार ठरवून मोकळा झालो.

गेल्या दिवाळीनंतर काका वारले. यंदा निकाल लागला, आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या शिक्षिका मीनाबेन यांचं डिपॉझिटही गेलं. मी हिशेब केला : गटार वाहती आहे, बाईंना पक्ष नाही, परतावा शून्य. जायची गरज नाही.

"गरज नाही, तर सकाळपासून चपला घालून काय बसलात?" बायकोने विचारलं आणि पिशवी हातात दिली.

मीनाबेननी दार उघडलं. माझ्याकडे, पिशवीकडे आणि मग माझ्या मागे पाहिलं.

"काका नाही आले? मागच्या वेळी पण पडले होते ना मी. तेव्हा फक्त तेच आले होते."

म्हणजे ह्या खात्यातही काकांनी आधीच भरणा केला होता. मला न सांगता. परतावा न बघता.

काका दिवाळीनंतर गेल्याचं सांगून मी खुर्ची ओढली. काकांचं "मत गया..." वाक्य म्हणायला गेलो, पण अर्ध्यावर अडलं. उरलेलं बाईंनीच पूर्ण केलं.

अखेर दिला : अर्धा किलो चेवडा, मीनाबेनना. त्यातला निम्मा त्यांनी मलाच खायला लावला.