अक्काला लांडगा बघायचा होता

सुमनचा फोन आला तेव्हा मी औरादच्या बाजारात मेथीच्या जुड्या चाळत उभी होते. सुमन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, सून. "मावशी, असाल तशा या," एवढंच ती बोलली आणि मागून बायकांचं रडणं ऐकू आलं. सकाळी शेळ्यांचं दूध काढायला बसलेली अक्का तिथंच कलंडली होती. मी मंठाळला पोहोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती आणि जो तो एकच सांगत होता... बाईनं जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही. ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुःखात राग येऊ नये म्हणतात, मला आला. कारण अक्कानं मागितलं होतं. एकदाच, पण सगळ्यांसमोर मागितलं होतं.

आमच्या वडिलांची, अप्पांची, मेंढरं होती. अक्का दहाएक वर्षांची असताना तिच्या राखणीतून भर दुपारी लांडग्यानं कोकरू उचललं. ती सांगत राहिली की मी जागी होते, तो चार हातांच्या अंतरावर येऊन उभा राहिला, माझ्याकडं बघत राहिला आणि माझं तोंडच उघडेना. अप्पांनी तिला बडवलं. झोपली असणार ही, नाहीतर ओरडली नसती का? झालं. त्या दिवसापासून ती झोपाळी ठरली. पोरीला माहेरून भांडी-कुंडी देतात, तसं हे नावही तिच्यासोबत मंठाळला गेलं. दाजींना तर आयतं हत्यार मिळालं. दूध उतू गेलं, शेळी कुणाच्या रानात शिरली, दारात पाहुणा ताटकळला, की यांचं एकच... "झोपली व्हतीस का?" पहाटेपासून राबणाऱ्या बाईला हे ऐकवायचं आणि वर हसायचं. घरातल्या लहानथोरांनाही त्यात गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही.

मागच्या उन्हाळ्यात नात पूजाच्या हट्टापायी एका दिवसाची सहल ठरली. प्राणिसंग्रहालय बघायचं, पण कुठलं? अक्काचा मुलगा रमेश कलबुर्गी म्हणाला, जवळ पडतं, संध्याकाळी घरी. दाजींनी ते उडवूनच लावलं. कलबुर्गीला आपण कोर्टाच्या तारखेला जातो, त्याला कुणी सहल म्हणतं का? जायचं तर हैदराबादला, गावात सांगायला तरी बरं. असा वाद चालू असताना चुलीपाशी बसलेली अक्का म्हणाली, "लांडगा कुठं हाय, तिथं जाऊ."

सगळे खो खो हसले. लांडगा बघायला गाडी कशाला, दारातलं कुत्रं काय वाईट आहे, असं दाजी म्हणाले. अक्का हसली नाही. भाकरी थापायची थांबवून ती म्हणाली, "त्येच्या डोळ्यात बघितल्यावर माणूस गप व्हतंय का न्हाई, तुमीच बघा एकदा. माजं कोन ऐकायलंय?"

पूजानं फोनवर शोधून सांगितलं की हैदराबादला लांडगा आहे. अक्काचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. पण पूजानं आणखी एक सांगितलं, ते सोमवारी बंद असतं.

आता आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यामुळं सोयरीक, दवाखाना, गावाला जाणं, सगळं सोमवारी उरकायची रीत. दाजींच्या घरचे बैल कधीच विकले गेलेत, दारात ट्रॅक्टर उभा असतो. पण तोही सोमवारी जागचा हलत नाही, बैलाचा मान ट्रॅक्टरला! अक्का म्हणाली, रविवारी जाऊ या की. मीही तेच म्हणाले, तर "आल्या मास्तरीणबाई शिकवायला" म्हणून मला गप्प बसवलं. "जनावराला कसली आलीया सुट्टी?" दाजी म्हणाले. जो माणूस लोखंडाला सुट्टी देतो, त्याचं हे बोलणं. गाडी सोमवारीच निघाली.

फाटक अर्थातच बंद होतं. दाजी गाडीतून उतरलेच नाहीत. अक्का मात्र उतरली आणि वॉचमनला तिनं विचारलं, आत लांडगा आहे का? "है ना अम्मा, कल आओ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नांगरट होती, उद्या कुठला यायला? सगळ्यांची तोंडं पडलेली बघून अक्काच हसून म्हणाली, "बरंच हाय की. हितंबी सोमवार पाळत्यात." लगेच सगळे मोकळे झाले, बिर्याणी खाल्ली, परत फिरले. तिच्या दहाव्याला हा किस्सा तीन वेळा रंगवून सांगितला गेला, बघा कशी समाधानी बाई! पण गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत ती फाटकाचे गज धरून उभी होती, ते कुणी सांगितलं नाही. मी तिला म्हणाले होते, आपण दोघी जाऊ एखाद्या रविवारी. ती नको म्हणाली. "मी एकटीनं बघून काय उपेग? ह्येंनी बघाय पायजे."

ती गेल्यावर काही आठवड्यांनी दाजी पूजाला घेऊन हैदराबादला गेले. पोरगी जेवत नाही, जरा मन रमेल म्हणून. रविवारी गेले! मी त्या दिवशी मंठाळलाच होते. संध्याकाळी परतल्यावर दाजी सिंहाचं सांगत होते, हत्तीचं सांगत होते. मी विचारलं, लांडगा बघितला का?

"व्हता की एक. कुत्र्यावानी असतंय. त्यात काय बघायचं?"

पूजा चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तुमी तर तितं गपच झालता. मी हात वढलाव तरी बोलनासा झालता."

मला राहवलं नाही. "दाजी, एवढं तरी म्हणा. ती झोपली नव्हती."

दाजींनी कप खाली ठेवला. "मेलेल्या माणसाचं आता काय घिऊन बसलीस," म्हणाले आणि उठून ट्रॅक्टरकडं गेले. ती असताना एकदा म्हणाले असते तर त्यांचं काय गेलं असतं, मला अजून कळत नाही. त्यांच्याशी मी तेव्हापासून कामापुरतंच बोलते.

अक्काची बाज अजून ओसरीत दारापाशीच आहे, शेळ्यांच्या गोठ्याकडं तोंड करून. लग्न होऊन आल्यापासून ती तिथंच झोपायची, थंडीत आणि तापातसुद्धा. परवा दुपारी उन्हातून आलेले दाजी त्या बाजेवर जरा आडवे झाले होते, सुमननं सांगितलं. पण थोड्याच वेळात उठून आतल्या खोलीत गेले. म्हणाले, इथं डोळ्याला डोळा लागत नाही, शेळी नुसती हलली तरी जाग येते.