रिपोर्ट यायच्या आत

कॉलेजात जुन्या रशियन कादंबऱ्या शिकवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, बघा, हा माणूस जन्मभर हुद्दा, घर आणि फर्निचर यांच्यामागे धावला आणि मरण दारात आल्यावर त्याचे डोळे उघडले. पोरं लिहून घ्यायची. निवृत्तीनंतर यंदा माझ्याच मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्टला चार दिवस लागतील म्हणाले. तेव्हापासून छातीत नुसती धडधड.

आठवायची ती ताई. माझी थोरली बहीण, सिन्नरजवळच्या खेड्यात दिलेली. आम्ही शहरात, इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला तिनं माझ्या बायकोसाठी हिरवी साडी आणली होती. आमच्या नव्या घराला, नव्या ओळखींना ती साजेशी वाटली नाही. गेली ती 'द्यायच्या साड्यां'च्या कप्प्यात. आहेरात आलेलं पुढे सरकवणं आपल्याकडे घरोघरी चालतं, फक्त कुणाकडून काय आलं ते लक्षात ठेवावं लागतं. ताईच्या मुलीच्या लग्नाला निघताना घाईत वरची साडी मीच उचलली आणि ताईलाच आहेर केला. मांडवात तिनं घडी उलगडली. वास्तुशांतीला देताना पदराच्या टोकाला तिनं स्वतः लावलेलं कुंकू तसंच होतं. ती एवढंच म्हणाली, "जेवून जा." त्याला सहा वर्षं झाली. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही, आणि मी लाजेनं, खरं सांगायचं तर आळसानं, गेलो नाही.

चौथा दिवस उजाडला. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. मला त्याच्याइतकीच स्वतःची भीती वाटत होती. तो चांगला आला की मी पुन्हा पहिल्यासारखा होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सकाळीच सिन्नरची एसटी धरली.

ताई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी पाणीसुद्धा न पिता सगळं बोलून टाकलं, साडीचं, माझ्या मिजाशीचं. हात जोडले, रडलोही. तिनं हातातली जुडी पुरी बांधली.

"काय झालंय तुला?"

मी सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. उठून तिनं माझी मान चाचपली, गाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आजारी नसता पडला तर आला असता का रे?"

खोटं बोलवेना. "नसतो आलो."

"मग आज नको मागू माफी. भ्यालेल्या मानसाला नाय कसं म्हनायचं? रिपोर्ट चांगला येईन बघ. मग ये. तवा माग."

संध्याकाळी डॉक्टर हसत म्हणाले, साधी गाठ आहे. बायकोनं पेढे आणले. मी ताईला फोन केला तर ती हमसून रडली, देवापुढे साखर ठेवते म्हणाली. कधी येतोस, असं मात्र तिनं विचारलं नाही.

कादंबरीतला माणूस शेवटच्या पानावर सुधारतो आणि मरतो. दुसऱ्या दिवशी उठून त्याला काही करून दाखवायचं नसतं. मी उठलो, चहा घेतला, पेपर वाचला. पुढच्या आठवड्यात बाल्कनीला सरकत्या काचा बसवायला माणूस आला, मग त्यातच दिवस गेले. आता ती धडधड पुन्हा सुरू झालीय, भर दुपारी, काही दुखत नसताना.

त्या गोष्टीला दोन महिने झाले. सिन्नर एसटीनं तासाभरावर आहे. मी अजून गेलेलो नाही.