सात दिवस दाबलेला निकाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. तुम्हालाच का सांगतोय? – तुम्ही आमच्या बाजारातले नाही, म्हणून असेल.

वडवणीला माझं आडतीचं दुकान आहे. पोती उचलून सुरुवात केली, म्हणून चारचौघांतला पाणउतारा मला सोसत नाही. भागवतनं तो केला. तो माझ्याच दुकानात मालाची पारख करायचा. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगायचा. एकदा भर गर्दीत त्यानं ओलाव्याचं यंत्र वर धरलं – "सेठ, मशीन बारा दावतंय. तुमी चौदा कावून लिहिताय?"

एक म्हातारा म्हणाला, "सेठचं मशीन येगळं हाय, डोक्यात बसवलंय!" सगळे हसले. मीही हसलो. यंत्र बाराच दाखवत होतं, आणि ओलावा जास्त लिहिला की शेतकऱ्याचा भाव कापता येतो, तेही सांगून टाकतो. पण म्हणून विसरायचं? त्याला कामावरून काढलं नाही. असला माणूस हाताशी असलेला बरा.

पुढच्या वर्षी धान्य पारखणाऱ्यांसाठी नवीन प्रमाणपत्र निघालं. कायमची परीक्षा सुरू करण्याआधी ती बीडला थोड्या लोकांवर घेऊन पाहणार होते. त्यात पास होणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळणार होतं. फक्त निकाल उशिरा, कारण आधी प्रश्नच तपासायचे होते. पास झाला की भागवतला सरकारी गोदामात कायमचं काम होतं. मग दरसालसारखं दसऱ्यानंतर नवरा-बायकोनं ऊस तोडायला जायचं कारण नव्हतं.

त्याचं सिम दरसाल बदलायचं. फॉर्मवर त्यानं माझा नंबर दिला. आमच्याकडे निम्मे लोक दुकानदाराचाच नंबर देतात.

रोज सकाळी विचारायचा, "सेठ, आलं का काई?"

"न्हाई बे. आलं की सांगतो ना."

पाच आठवडे हे खरं होतं. सहाव्यात मेसेज आला – उत्तीर्ण. सात दिवसांत कागदपत्रं पाठवा, नाहीतर नाव रद्द. भागवत दहा हातांवर पोतं शिवत बसला होता. हाक मारायला काय लागत होतं? – मी फोन खिशात घातला.

एखादा दिवस तंगवावं, एवढंच मनात होतं, असं म्हणावंसं वाटतं. खोटं आहे. मी दिवस मोजले. तो रोज विचारायचा, मी रोज तेच उत्तर द्यायचो, आणि रोज ते उत्तर जास्त चवीनं द्यायचो. चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं, निकालाच्या भरवशावर बायकोनं अजून ऊसतोडीच्या मुकादमाला होकार दिलेला नाही. तरीही – नाही.

आठव्या दिवशी सांगितलं, "नापास झालास. दोन मार्कांनी." बारा आणि चौदामधले ते दोन मी मुद्दाम निवडले. त्याला कळलं नाही. मला कळत होतं, तेवढं पुरे होतं.

"जाऊ द्या सेठ," तो म्हणाला, "तुमी लई केलं माज्यासाठी."

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रॅक्टर माझ्या दुकानावरून गेला. ट्रॉलीत भांड्यांच्या बोचक्यावर त्याची बायको बसली होती, पाठमोरी. भागवतनं मला हात केला. मीही केला. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत दारात थांबलो – आता तरी वाईट वाटेल म्हणून.

वाटलं नाही. बरं वाटलं.